गोठ्यातली राजदूत: आधी कागद, मग पाना

शेळ्या, पापड, पीकविमा, बँकेचं कर्ज यांवर आपण नेहमीच बोलतो. आज बोलायचं आहे एका जुन्या मोटारसायकलीविषयी. मोटारसायकल हा बायकांच्या कार्यक्रमाचा विषय कसा, असं कुणाला वाटेल. पण आपल्यापैकी किती जणींच्या परड्यात, गोठ्यात किंवा पडवीत एखादी बंद गाडी उभी आहे, ते आठवून बघा. तिच्यावर कोंबड्या बसतात, हँडलला वैरणीची दोरी बांधलेली असते. घरात कुणी तिचं नाव काढत नाही, कारण ती ज्यांची होती ते आता नाहीत.

आमच्या गटातल्या एका मावशींकडे अशीच राजदूत होती. मावशींचे मालक दूध गोळा करायचे. दोन्ही बाजूंना कॅन अडकवून पहाटे निघायचे. ते गेल्यावर गाडी गोठ्यात गेली आणि १२ वर्षं तिथंच राहिली. गेल्या दिवाळीच्या आधी भंगारवाला दारात आला, गाडी नुसती बघितली आणि वजनावर भाव सांगितला. मावशी आमच्या बैठकीत म्हणाल्या, "पैशाची गरज आहे गं. पण किलोवर द्यायला जीव होत नाही."

तिथून हे काम सुरू झालं. आम्ही काय केलं, काय चुकलं आणि तुमच्या घरी अशी गाडी असेल तर कोणत्या क्रमाने जायचं, ते आज सांगतो.

ही गाडी कोणती?

राजदूत १७५ ही एस्कॉर्ट्स कंपनीने साठच्या दशकात भारतात आणली. तिचा मूळ नमुना पोलंडमधला, एसएचएल एम ११ नावाच्या मोटारसायकलीचा. पण खेड्यापाड्यातल्या दूधवाल्यांनी, शिक्षकांनी आणि ग्रामसेवकांनी ती इतकी वापरली की ती आपलीच झाली. १९७३ च्या 'बॉबी' सिनेमात याच कंपनीची छोटी राजदूत दिसते. ओझं वाहणारी, कच्च्या रस्त्यावर टिकणारी आणि आत फार गुंतागुंत नसलेली गाडी, अशी तिची ओळख.

हे शेवटचं महत्त्वाचं. आजच्या गाड्यांत संगणकासारखे भाग असतात. या गाडीत नाहीत. तिचं इंजिन टू-स्ट्रोक, म्हणजे पेट्रोलमध्येच ऑइल मिसळून चालणारं. जे आहे ते डोळ्यांना दिसतं आणि पान्याने उघडतं. शिलाई मशीन उघडून तेल घालणारी बाई हिचा अर्धा भाग समजू शकते, हे आम्ही अनुभवाने सांगतो.

कर्ज हौसेला की कामाला?

मावशींनी गटाकडे कर्ज मागितलं आणि बैठकीत दोन तट पडले. "गटाचा पैसा शेळीला द्यावा, भंगाराला नाही," असं एकीचं म्हणणं. ते खोटं नव्हतं. दुसरी म्हणाली, "तिच्या घरातली वस्तू आहे. चालू झाली तर वस्तू, नाहीतर लोखंड. आधी कळू तरी द्या."

शेवटी आम्ही ९,००० रुपये मंजूर केले, पण एकदम दिले नाहीत. पहिले ३,००० फक्त इंजिन जिवंत आहे का हे बघायला. ते जिवंत निघालं तरच ब्रेक आणि टायरला पुढचे पैसे. रंग सगळ्यात शेवटी, आणि उरले तर. तुम्ही असं काही करणार असाल तर ही टप्प्यांची रीत जरूर पाळा. बरेच जण आधी रंग आणि सीट करतात. गाडी चकचकीत होते आणि चालत मात्र नाही.

आमची मोठी चूक

आम्ही पाना आधी हातात घेतला. कागद बघितलेच नाहीत. मार्गशीर्षात काम सुरू केलं आणि फाल्गुनात इंजिन पहिल्यांदा बोललं. सगळ्या गल्लीला आवाज गेला. चौथ्या दिवशी मावशींचे दीर दारात हजर. "भावाची गाडी आहे, मी घेऊन जातो," म्हणाले. १२ वर्षं ती गाडी धूळ खात होती तेव्हा त्यांना तिची आठवण आली नव्हती.

त्या दिवशी आम्ही पत्र्याची पेटी उघडली. आरसी बुक अर्धं वाळवीने खाल्लेलं, नोंदणीची मुदत कधीच संपलेली आणि नाव अजून मालकांचंच. म्हणजे गटाचे पैसे अशा गाडीत गेले होते, जी कागदावर मावशींची नव्हतीच. म्हणून पहिला धडा कागदांचा.

गाडीचा मालक वारला तर गाडी आपोआप कुणाच्या नावावर होत नाही. नियमाप्रमाणे मृत्यूनंतर ३० दिवसांत आरटीओला कळवायचं आणि ३ महिन्यांच्या आत नाव बदलण्यासाठी फॉर्म ३१ भरायचा असतो. उशीर झाला तर दंड पडतो, पण दार बंद होत नाही.

वारस कोण? हिंदू कुटुंबात पुरुष मृत्युपत्र न करता वारला, तर पत्नी, मुलगे, मुली आणि त्याची आई हे पहिल्या वर्गातले वारस. त्यांचा हक्क सारखा. हे असताना भावाला वाटा येत नाही. आम्ही हे बैठकीत मोठ्याने वाचलं तेव्हा बऱ्याच जणी गप्प झाल्या. गाडीपुरतं नाही, घर-शेताच्या बाबतीतही हे ठाऊक असायला हवं.

मावशींच्या बाबतीत वारस चार: त्या स्वतः, लेक, पुण्यात नोकरी करणारा मुलगा आणि सासूबाई. गाडी एकीच्या नावावर करायची तर बाकीच्यांची ना हरकत लागते. मुलगा लगेच तयार झाला. सासूबाई ऐंशीच्या पुढच्या. एक मुलगा गेलेला, दुसरा म्हणतो गाडी मला द्या. आम्हांला धास्ती होती. त्यांनी कागद दोनदा वाचून घेतला आणि म्हणाल्या, "दुधाचे कॅन हिनंच धुतले, रोज पहाटे तीनला उठून." आणि अंगठा उठवला. दीर त्यानंतर काही बोलले नाहीत.

कागदांची यादी लिहून घ्या:

- मृत्यूचा दाखला, वारसाचा पुरावा आणि बाकी वारसांचं ना हरकत प्रतिज्ञापत्र.
- आरसी हरवली किंवा खराब झाली असेल तर दुय्यम प्रतीसाठी फॉर्म २६. हरवल्याची नोंद पोलीस ठाण्यात करावी लागते.
- खासगी दुचाकीची नोंदणी १५ वर्षांची असते. पुढे दर ५ वर्षांनी नूतनीकरण, त्यासाठी फॉर्म २५. तेव्हा आरटीओ गाडी प्रत्यक्ष तपासतं. १५ वर्षांवरच्या गाडीला आपल्या राज्यात पर्यावरण कर आहे.
- निदान थर्ड पार्टी विमा, पीयूसी आणि नवी उच्च सुरक्षा नंबरप्लेट.

शुल्क आणि दंड बदलत राहतात, म्हणून त्या दिवशीचा आकडा परिवहन खात्याच्या संकेतस्थळावर किंवा आरटीओच्या खिडकीवर विचारा. मधल्या माणसाने सांगितलेला आकडा खरा धरू नका.

आणखी एक. २०२१ पासून ५० वर्षांवरच्या, मूळ रूपात असलेल्या गाड्यांसाठी 'व्हिंटेज' नोंदणी सुरू झाली आहे. तिचं पहिलं शुल्क २०,००० रुपये ठरवलेलं आहे, आणि अशी गाडी रोजच्या वापरात चालवता येत नाही. प्रदर्शन, फेरी अशा कारणांसाठीच ती असते. आपल्याला गाडी वापरायची असेल तर साधं नूतनीकरणच बघायचं.

चेसिस नंबर आणि इंजिन नंबर आरसीशी जुळवून बघा. चेसिस नंबर बहुतेक गाड्यांत हँडलच्या मानेजवळ कोरलेला असतो. गंज असेल तर कापडाने आणि डिझेलने हळू पुसा. तिथे ग्राइंडर फिरवू देऊ नका. आकडे पुसले गेले तर गाडी चोरीची नाही हे सिद्ध करताना नाकी नऊ येतात.

उघडण्याआधी

मावशींच्या लेकीने मोबाइलवर चारी बाजूंनी फोटो काढले. प्रत्येक वायर आणि प्रत्येक केबल कुठून कुठे जाते, त्याचेही. जुन्या दिनदर्शिकेच्या मागच्या कोऱ्या बाजूवर चित्र काढलं आणि निघालेला प्रत्येक नट-बोल्ट अंड्यांच्या ट्रेमध्ये क्रमाने ठेवला. त्यामुळे जोडताना एकही वायसर उरला नाही.

धोक्याच्या चार गोष्टी आधीच पाठ करा. काम उघड्यावर करायचं, चुलीपासून आणि विडीपासून लांब. रिकामी पेट्रोलची टाकीही वेल्डिंगला द्यायची नाही, आतल्या वाफेने स्फोट होतो. जुन्या ब्रेकच्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. ती धूळ फुंकायची नाही, कारण तिने फुप्फुसाचा आजार होतो. बारीक धूळ अडवणारा मास्क लावून, ओल्या कापडाने पुसून ते कापड पिशवीत बंद करून टाकायचं. आणि निघालेलं ऑइल जमिनीवर किंवा विहिरीजवळ ओतायचं नाही. डब्यात भरून गॅरेजमध्ये द्यायचं.

इंजिन चिकटलं असेल तर

किक मारली तर ती दगडासारखी. पिस्टन आत गंजून धरला होता. गल्लीतल्या पोरांना जोर करायचा होता, पण तालुक्याच्या गावचे एक जुने मिस्त्री म्हणाले, "किकवर उभं राहाल तर आतली दातेरी चाकं मोडतील."

त्यांनी प्लग काढून त्या भोकातून डिझेल आणि इंजिन ऑइलचं मिश्रण चार-पाच चमचे घातलं आणि आठ दिवस थांबायला सांगितलं. रोज थोडं मिश्रण, रोज थोडं थांबणं. मग गाडी शेवटच्या गिअरमध्ये टाकून मागचं चाक हळूहळू पुढे-मागे डोलवायचं. नवव्या दिवशी चाकाबरोबर आत काहीतरी सरकलं. मावशींनी तिथंच चाकाला हात जोडले.

पिस्टन सुटला की प्लग बाहेर ठेवूनच दहा-बारा किका हलक्या मारायच्या, म्हणजे आतलं मिश्रण बाहेर उडतं. समोर कुणी उभं राहायचं नाही. गिअरबॉक्सचं ऑइल वेगळं असतं, तेही काढून बघा. ते दुधासारखं पांढरट निघालं तर पाणी शिरलंय असं समजा आणि नवं भरा.

तीन गोष्टी: दाब, ठिणगी, पेट्रोल

इंजिन चालायला तीनच गोष्टी लागतात. बंद गाडीपुढे बसून एकेक तपासायची.

दाब तपासणं सोपं आहे. प्लगच्या भोकावर अंगठा घट्ट ठेवा आणि दुसरीला किक मारू द्या. अंगठा जोराने उडाला तर पिस्टनच्या रिंगा बऱ्या आहेत. नुसती फुस झाली तर बोअरचं काम आहे आणि ते मिस्त्रीचं.

ठिणगी बघायची तर प्लग त्याच्या टोपणात बसवायचा, लोखंडी अंग इंजिनला टेकवायचं आणि किक मारायची. प्लग भोकापासून लांब धरा, आणि जवळपास पेट्रोल सांडलेलं नको. निळी ठिणगी चांगली. पिवळी, अशक्त किंवा नाहीच, तर आधी नवा प्लग लावा, मग पॉइंट बघा. पॉइंट म्हणजे दोन छोटे धातूचे ठिपके, उघडझाप करून ठिणगी पाडणारे. वर्षानुवर्षं बंद राहिले की त्यांच्यावर थर चढतो. बारीक पॉलिश पेपर एकदा फिरवून स्वच्छ कापडाने पुसायचं. दोघांतली फट साधारण ०.४ मिलिमीटर, ती फीलर गेजच्या पात्याने मोजतात. आमच्या गाडीची ठिणगी एवढ्यानेच आली. त्याआधी एकाने नवी कॉइल आणायला सांगितली होती. तो खर्च वाचला.

पेट्रोलचा मार्ग सगळ्यात घाण असतो. जुनं पेट्रोल वाळून डिंकासारखं होतं. टाकीतला गंज काढायला आम्ही पांढरं व्हिनेगर भरून दोन दिवस ठेवलं. आत मूठभर जुने नट टाकून टाकी अधूनमधून हलवली. पितळेचं भांडं आपण चिंचेने घासतो, तसंच हे. आंबट गंज सोडवतं. पण लगेच खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवा, उन्हात पूर्ण वाळवा आणि ऑइलचा हात आतून फिरवा, नाहीतर संध्याकाळपर्यंत नवा गंज धरतो.

कार्बोरेटरमध्ये जेट नावाचा पितळेचा बारीक भाग असतो. त्याच्या भोकातून पेट्रोल मापाने जातं. आमच्यातल्या एकीने तो साफ करायला टाचणी घातली. पितळ मऊ, भोक मोठं झालं, गाडी नुसता धूर ओकू लागली. नवा जेट घ्यावा लागला. भोकात काही घालायचं नाही. पेट्रोलमध्ये भिजवून पंपाच्या हवेने फुंकायचं.

पेट्रोलचा रबरी पाइप नवाच घाला. आजच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते जुन्या रबराला खातं आणि हवेतलं पाणीही ओढतं. म्हणून गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी रिकामी ठेवा.

पेट्रोल भरताना टू-टी ऑइल मिसळायला विसरू नका. आमच्या मिस्त्रींनी लिटरला ४० मिलिलिटर सांगितलं. आम्ही औषधाच्या मापाने मोजून स्वच्छ बाटलीत हलवून घातलं. नुसतं पेट्रोल घातलं तर पिस्टनला वंगण मिळत नाही आणि मेहनतीने सोडवलेला पिस्टन पुन्हा चिकटतो.

चालू होणं आणि थांबणं

गाडी चालू झाली की सगळे टाळ्या वाजवतात. पण थांबते का, हे जास्त महत्त्वाचं. ब्रेकचे लायनर, क्लच-ब्रेकच्या केबली आणि चेन बघा. टायरची नक्षी शाबूत दिसली तरी फसू नका. टायरच्या बाजूला चार आकडे असतात. २३१८ म्हणजे २०१८ सालचा २३ वा आठवडा. आमचे टायर वरून ठीक, बाजूंना मात्र भेगाच भेगा. दोन्ही बदलले. सगळ्यात मोठा खर्च हाच झाला आणि त्याबद्दल कुणी कुरकुर केली नाही.

बॅटरी घेताना मापाची घ्या. अशा जुन्या गाड्यांत बहुधा ६ व्होल्टची असते. १२ व्होल्टची जोडली तर बल्ब उडतात. ब्रेक, वायरिंगची जोडणी आणि शेवटची तपासणी मिस्त्रीकडूनच करून घ्या. तिथे काटकसर नको.

रंग आम्ही लावलाच नाही. टाकीवर मालकांच्या हातचं नाव होतं, पांढऱ्या रंगात, थोडं वाकडं. मावशी म्हणाल्या, "राहू दे." गंज काढून वर मेणाचा हात दिला.

हिशेब

९,००० पैकी ८,६५० रुपये गाडीला लागले. कागदांचा खर्च मावशींनी एक बोकड विकून वेगळा केला. आषाढात आरसी त्यांच्या नावावर आली. आता महिन्याला ९०० रुपये मुद्दल आणि गटाच्या नियमाचं व्याज, असे हप्ते चालू आहेत. एकही चुकलेला नाही.

या गाडीने मावशी श्रीमंत झाल्या का? नाही. टू-स्ट्रोक गाडी पेट्रोल जास्त पिते. रोजचं दूध डेअरीला न्यायचा हिशेब घातला तर परवडत नव्हतं, म्हणून दूध अजून सायकलवर जातं. राजदूत निघते आठवडी बाजाराला, आणि रात्री-अपरात्री कुणाला दवाखान्यात न्यायचं असेल तेव्हा. चालवते लेक. तिने १८ पूर्ण झाल्यावर गिअरच्या गाडीचं लायसन्स काढलं आहे.

गटाला मात्र आणखी काही मिळालं. आता प्रत्येक घरात एक तरी मोटारसायकल आहे, आणि आमच्यातल्या पाच जणी प्लग काढून साफ करतात, चेन ताणतात, टायरचे आकडे वाचतात. गॅरेजमध्ये "हे बदलावं लागेल" असं कुणी म्हणालं, तर "आधी काढून दाखवा" म्हणतात.

सख्यांनो, तुमच्या गोठ्यात अशी एखादी गाडी असेल तर उद्या पाना शोधू नका. पत्र्याची पेटी उघडा, आरसी काढा आणि नाव कुणाचं आहे ते वाचा. जी वारलेल्या माणसाच्या नावावर असेल तिचा फॉर्म ३१ कसा भरायचा, ते पुढच्या बैठकीत सगळ्यांनी मिळून बघा. गाडी नंतर दुरुस्त करा किंवा विका. दोन्हींसाठी ती आधी तुमच्या नावावर असायला हवी.